‘फ्लॅट’ हा शब्द एकच, पण वस्तू वेगळी: इंग्लंडमध्ये पहिलं घर घेण्याआधी



गेल्या दोन महिन्यांत तीन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला. "स्टेशनजवळ नव्या बिल्डिंगमध्ये टू बेडचा फ्लॅट घेऊ, की त्याच पैशात थोडं लांब जाऊन जुनं टेरेस घर घेऊ?" तिघींना फोनवर तास-तासभर सांगून झालं, म्हणून आता एकदाच लिहून काढते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मी इंग्लंडबद्दल लिहितेय. स्कॉटलंडमध्ये फ्लॅटची मालकी वेगळ्या पद्धतीने असते, आणि वेल्समध्ये घरखरेदीचा कर वेगळा आहे, तेव्हा तिथल्या मंडळींनी हे जसंच्या तसं लावून घेऊ नये.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलं आहेत आणि बजेट तेवढंच आहे, तर लीजहोल्ड फ्लॅटपेक्षा थोडं लांबचं, थोडं जुनं, पण फ्रीहोल्ड घर घ्या. हे मत मी फुकट कमावलेलं नाही. ते कसं ते पुढे येईलच.

आपल्या डोक्यातला फ्लॅट

आपण पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये फ्लॅट बघत मोठे झालो. त्यामुळे ‘फ्लॅट’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सोसायटी. शेअर सर्टिफिकेट. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार, तिघंही आपल्याच बिल्डिंगमधले. वर्षातून एकदा एजीएम, तिथे पाण्याच्या टाकीवरून भांडण आणि शेवटी वडा-चहा. बिल्डर कन्व्हेयन्स करून द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करतो, तो वेगळा ताप आहेच. पण पद्धत मुळात अशी आहे की जमीन आणि इमारत शेवटी सोसायटीच्या नावावर यावी, आणि सोसायटी म्हणजे आपणच. मेंटेनन्स वाढवायचा की नाही, रंग कुठल्या कंपनीचा लावायचा, यावर आपल्याला हात वर करता येतो.

इंग्लंडमधला बहुतेक फ्लॅट असा नसतो. इथे तुम्ही विकत घेता ती लीज, म्हणजे ९९, १२५, २५० किंवा ९९९ वर्षांसाठी त्या जागेत राहण्याचा आणि ती विकण्याचा हक्क. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. तो कधी बिल्डर असतो, कधी अशा शेकडो इमारती घेऊन ठेवलेली गुंतवणूक कंपनी. तो मॅनेजिंग एजंट नेमतो. एजंट सफाई, लिफ्ट, विमा, दुरुस्ती यांचा खर्च काढतो आणि सर्व्हिस चार्ज म्हणून तुमच्याकडून वसूल करतो. विमा कुठून घ्यायचा ते ते ठरवणार, हप्ता तुम्ही भरणार.

एखाद्या मोठ्या दुरुस्तीचा वाटा प्रत्येक फ्लॅटमागे २५० पौंडांच्या वर जाणार असेल, तर तुम्हाला आधी नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, असा कायदा आहे. पण नीट लक्षात घ्या, म्हणणं ऐकून घ्यायचं आहे, मतदान घ्यायचं नाही. बिल अवाजवी वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं. ज्या बाईची दोन मुलं, एक नोकरी आणि नवरा आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या शहरात, ती किती वेळा जाईल?

मुंबईकरांना लवकर समजेल असं सांगते. दादर-गिरगावात पागडीची खोली असायची ना? मोठी रक्कम देऊन घ्यायची, पिढ्यान् पिढ्या राहायचं, विकताही यायची, पण इमारत मालकाची. कायदा अगदी वेगळा आहे, तुलना ताणू नका. पण मनातलं चित्र म्हणून सोसायटीपेक्षा हे चित्र जास्त जवळचं आहे.

आमची गोष्ट

आम्ही २०१४ मध्ये पश्चिम लंडनच्या बाहेरच्या भागात नव्या सहा मजली इमारतीत टू बेड घेतला. स्टेशन सात मिनिटांवर, खाली छोटं सुपरमार्केट, लीज १२५ वर्षं. त्याच बिल्डिंगमध्ये आणखी तीन मराठी कुटुंबं होती. दिवाळीला फराळाची ताटं लिफ्टने वर-खाली फिरायची. मुलगी चार वर्षांची होती, आणि तिला जिन्यात खेळायला मैत्रिणी मिळाल्या म्हणून मी खूश होते. सर्व्हिस चार्ज वर्षाला १,५०० पौंड. "मेंटेनन्सच की," असं म्हणून मी सही केली.

मी सीए आहे. दुसऱ्यांच्या हिशोबात लपलेली कॉन्टिंजंट लायबिलिटी शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि स्वतःच्या लीजमधलं सर्व्हिस चार्जचं परिशिष्ट मी वाचलंच नव्हतं. त्यात रकमेला कुठे मर्यादाच नव्हती.

२०१७ च्या १४ जूनला ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्यानंतर बाहेरच्या भिंतींवर कसलं आवरण आहे, हा प्रश्न देशभरातल्या इमारतींना विचारला जाऊ लागला. तेव्हाही मला वाटलं, तो टॉवर केवढा उंच, आपले सहाच मजले. २०१८ मध्ये मुलगा झाला. २०२० च्या सुरुवातीला आम्ही फ्लॅट विकायला काढला, महिन्याभरात गिऱ्हाईकही मिळालं. त्याच्या बँकेने ईडब्ल्यूएस १ नावाचा फॉर्म मागितला, म्हणजे भिंतींची तपासणी झाल्याचा दाखला. तो फ्लॅटचा मालक आणू शकत नाही, पूर्ण इमारतीसाठी फ्रीहोल्डरलाच करून घ्यावा लागतो. एजंट म्हणाला, रांग आहे. फ्रीहोल्डरने पत्रांना उत्तरच दिलं नाही. गिऱ्हाईक गेलं.

तो दाखला यायला दोन वर्षांहून जास्त लागली. मध्ये सात महिने रात्रंदिवस मजल्यांवर गस्त घालणारे पहारेकरी होते, त्यांचाही खर्च आमच्या बिलात. विमा वाढला. २०२१ चा सर्व्हिस चार्ज आला ३,६०० पौंड.

पैशांचं दुःख मी गिळलं. जे गिळता आलं नाही ते सांगते. इंग्लंडमध्ये सेकंडरी शाळेचा अर्ज सहावीच्या वर्षात ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, आणि बऱ्याच शाळा घरापासूनच्या अंतरावर प्रवेश देतात. लेकीची ती तारीख होती ३१ ऑक्टोबर २०२०. ज्या शाळेसाठी आम्ही घर बदलणार होतो, तिच्या जवळ आम्ही त्या दिवशी नव्हतो. माझी आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती, ती लेकीच्या खोलीत झोपायची, मुलाचा पाळणा आमच्या पलंगाला चिकटून, आणि लेक हॉलमध्ये सोफ्यावर अभ्यास करायची. ती एकदाच म्हणाली, "आई, हे घर आपलं आहे ना? मग आपल्याला विकता का येत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात फ्लॅट विकला गेला, दोन वर्षांपूर्वीच्या ऑफरपेक्षा कमी किमतीला. मग आम्ही रेडिंगच्या बाजूला १९३० च्या सुमारासचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं.

आता न्यायाने बोलायचं तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने ११ मीटर किंवा पाच मजल्यांवरच्या इमारतींमधल्या बऱ्याच लीजधारकांना असल्या खर्चापासून संरक्षण दिलं. ३० जून २०२२ पासून नव्या लीजवर ग्राउंड रेंट जवळपास बंदच झाला. ३१ जानेवारी २०२५ पासून लीज वाढवून घ्यायला दोन वर्षं थांबायची अट गेली. कायदे सुधारताहेत, हे खरं आहे. पण तुम्ही सही करणार ती आजच्या लीजवर. आणि भिंतीचं संकट सुटलं तरी मूळ मुद्दा तसाच राहतो: खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा.

हिशोब

इथले बहुतेक लोक फ्लॅट आणि घराच्या नुसत्या किमतींची तुलना करतात. ती अपुरी आहे. मी अशी करते.

३० वर्षांचं मॉर्गेज, ४.५ टक्के व्याज धरा. प्रत्येक १०,००० पौंडांमागे महिन्याचा हप्ता येतो साधारण ५१ पौंड. आता सर्व्हिस चार्ज महिन्याला ३०० पौंड असेल, तर त्याच ३०० पौंडांत सुमारे ५९,००० पौंडांचं कर्ज फिटू शकतं. अर्थात घरालाही छप्पर असतं, पन्हळी असतात, कुंपण पडतं. त्यासाठी मी महिन्याला १५० पौंड वेगळे टाकते. तरी फरक उरतो १५० पौंडांचा, म्हणजे साधारण ३०,००० पौंडांचं कर्ज. तेव्हा ३,९०,००० चा फ्लॅट आणि ४,२०,००० चं घर हे महिन्याच्या खिशाला जवळपास सारखेच पडतात. वाढीव डिपॉझिट कुठून आणायचं हा प्रश्न वेगळा, तो मी नाकारत नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. माझे १५० एखाद्या जुनाट घराला पुरणार नाहीत. पण माझ्या घराचं छप्पर यंदा करायचं की पुढच्या वर्षी, ते मी ठरवते, तीन कोटेशन्स मी मागवते. सर्व्हिस चार्जचं पत्र येतं तेव्हा ठरवायला काही शिल्लक नसतं.

घर म्हणजे स्वर्ग नव्हे

टेरेस म्हणजे दोन्ही बाजूंना शेजारच्याची भिंत, सेमी म्हणजे एका बाजूला, डिटॅच्ड म्हणजे सुटं. किंमत साधारण त्याच क्रमाने चढते. व्हिक्टोरियन टेरेस दिसायला गोड, पण ओल, जुनं वायरिंग आणि उतरते जिने सोबत येतात. जुन्या घरासाठी बँकेच्या व्हॅल्युएशनवर विसंबू नका, ते बँकेसाठी असतं. लेव्हल ३ सर्व्हे स्वतः करून घ्या. काही शे पौंड जास्त जातात, पण ते वाचवण्याची जागा ही नव्हे.

नवी कोरी इस्टेट असेल तर घर फ्रीहोल्ड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. रस्ते, बाग, खेळायची जागा काउन्सिलने ताब्यात घेतलेली नसते, तिथे दरवर्षी इस्टेट चार्ज द्यावा लागतो. तो कोण ठरवतं आणि त्याला मर्यादा आहे का, हे सॉलिसिटरला लेखी विचारा. मी हे आता सगळ्यांना विचारायला लावते.

आणि माझा सर्वांत लाडका प्रश्न: खाली टॉयलेट आहे का? आपले आई-वडील येतात ते सहा महिन्यांसाठी, गुडघे घेऊन. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत बाथरूम वर, बेडरूम वर आणि खाली फक्त दिवाणखाना. व्ह्यूइंगला गेलात की किचन बघण्याआधी हे बघा.

शिवाय एक गोष्ट मान्य करते. फ्लॅट सोडताना आमची ती फराळाची ताटं गेली. इथे पहिल्या हिवाळ्यात मला फार एकटं वाटलं. संध्याकाळी चार वाजता अंधार, दारं बंद, रस्त्यावर कुणी नाही. नुकतंच बाळ झालेली, नवीन आलेली, गाडी न चालवणारी कुणी मला विचारेल, तर तिला मी आधी दोन वर्षं स्टेशनजवळ भाड्याने राहा म्हणेन. सोबत भाड्यानेही मिळते. त्यासाठी १२५ वर्षांची लीज घ्यायची गरज नाही.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर

कधीकधी बजेटच तेवढं असतं, किंवा नोकरी अशी असते की फ्लॅटशिवाय पर्याय नसतो. मग हे बघा.

१. शेअर ऑफ फ्रीहोल्ड आहे का? म्हणजे सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून फ्रीहोल्डही घेतलेलं असतं, बहुधा त्यांच्याच कंपनीमार्फत. हे आपल्या सोसायटीच्या सर्वांत जवळचं. चार-सहा फ्लॅटच्या लहान इमारतींत असं सापडतं. भांडणं होतील, पण आपापसांत होतील. २००२ च्या कायद्याने कॉमनहोल्ड नावाचा प्रकारही आणला, तो तर जवळजवळ सोसायटीच, पण तशा इमारती फारच थोड्या आहेत.

२. ते नसेल तर राइट टू मॅनेज घेतलाय का? म्हणजे मालकी फ्रीहोल्डरचीच, पण कारभार रहिवाशांच्या कंपनीकडे.

३. लीजची किती वर्षं उरलीत? ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग पडतं आणि बँकाही नाक मुरडतात. ९० वर्षं उरलेली लीज तुम्ही दहा वर्षांनी विकाल तेव्हा ८० ची झालेली असेल, हे गणित आजच करा.

४. जुनी लीज असेल तर ग्राउंड रेंट कधी आणि कसा वाढतो? २०२२ चा कायदा आधीच्या लीजना लागू नाही.

५. मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशोब, राखीव निधीत किती शिल्लक आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत कुठली मोठी कामं ठरली आहेत? हे एलपीई १ नावाच्या फॉर्मवर येतं. सॉलिसिटरकडून ते मागून स्वतः वाचा. राखीव निधी शून्य आणि लिफ्ट वीस वर्षांची, तर पुढचं बिल तुमच्या नावाचं आहे असं समजा.

शेअर्ड ओनरशिपबद्दलही विचारतात. त्यात घराचा एक हिस्सा विकत, उरलेल्यावर भाडं. तीही लीजच, आणि सर्व्हिस चार्ज सहसा हिश्श्यापुरता नव्हे, पूर्ण भरावा लागतो. मग वरचे सगळे प्रश्न तिथेही आलेच.

पुण्यातला फ्लॅट इथे कुठे मध्ये आला?

हा भाग शेवटी आहे, पण तुम्ही तो सगळ्यात आधी करा. इथे घर घेताना स्टॅम्प ड्यूटी लागते. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला पाच लाख पौंडांपर्यंतच्या घरावर सवलत मिळते. पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. बाबांनी प्रेमाने कोथरूडच्या फ्लॅटवर तुमचं दुसरं नाव घातलंय, किंवा आजोळचा हिस्सा वारशाने आलाय, तर ही सवलत गेली असं धरून चला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जादा कर. तुमच्याकडे जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं राहतं घर किंवा फ्लॅट असेल, तर इथलं पहिलंवहिलं घरही ‘दुसरं घर’ ठरू शकतं, आणि पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा लागतात. आपल्याकडचा साधा वन बीएचकेही आज त्या किमतीत बसतो. नवरा-बायको एकत्र धरले जातात, त्यामुळे "नुसतं बायकोच्या नावावर घेऊ" ही युक्ती चालत नाही.

४,२०,००० पौंडांच्या घराचा हिशोब करून दाखवते. पहिल्यांदा घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटी ६,००० पौंड. सवलत नसेल तर ११,०००. जादा कर लागला तर ३२,०००. म्हणजे बाबांनी सोयीसाठी घातलेलं एक नाव २६,००० पौंडांना पडू शकतं. मघाशी ज्या डिपॉझिटसाठी आपण झगडत होतो, ते इथेच संपतं.

आम्ही यातून सुटलो. २०१४ मध्ये हा जादा कर नव्हता, तो एप्रिल २०१६ पासून आला. आणि २०२२ मध्ये आम्ही राहतं घर विकून राहतं घर घेत होतो, त्याला तो लागत नाही. आज भाड्याने राहून पहिलं घर घेणाऱ्यांनाच तो सगळ्यात जास्त चटका देतो.

म्हणून या आठवड्यात घरी फोन लावा आणि विचारा, कुठल्या कागदावर माझं नाव आहे? जॉइंट ओनर म्हणून आहे, की सोसायटीत नॉमिनी म्हणून? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नाव फक्त सोयीचं असेल, पैसे सगळे बाबांचे असतील, तर तसं मांडता येतं का, ते इथल्या सॉलिसिटरला ऑफर देण्याआधी विचारा. मी सीए आहे, वकील नाही, आणि तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. पण ऑफर दिल्यावर हा विषय निघाला की सगळे घाईत असतात, आणि घाईत लोक ३२,००० भरून मोकळे होतात.

क्रम असा ठेवा

आधी भारतातले कागद. मग मुलाची शाळेची तारीख बघून मागे मोजा. घर शोधणं, सर्व्हे आणि कायदेशीर कामं यांत सहा-आठ महिने सहज जातात, म्हणजे सहावीच्या ऑक्टोबरसाठी पाचवीची सुरुवात झाली की शोध सुरू व्हायला हवा. मग घराचा प्रकार ठरवा. परिसर, स्टेशन, किचनच्या टाइल्स हे सगळं त्यानंतर. आम्ही नेमका उलटा क्रम लावला होता. आधी टाइल्स आवडल्या.

लेक आता सोळा वर्षांची आहे. दूरच्या शाळेत जाऊनही तिचं सगळं छान चाललंय, मुलं आपल्यापेक्षा चिवट असतात. मागच्या महिन्यात वाऱ्याने आमचं कुंपण पडलं. ४८० पौंडांचं काम. मी कुरकुरत होते, तर ती म्हणाली, "अगं, पण कुणाला विचारायला तर लागलं नाही ना?"

तुमच्या हातात आत्ता एखादी लीज असेल तर आज रात्री मुलं झोपली की सर्व्हिस चार्जचं पान उघडा. तिथे मर्यादा लिहिली आहे का, तेवढंच शोधा. नसेल, तर सही करण्याआधी माझ्या लेकीचा सोफ्यावरचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा.